फ्लाइंग स्कूल निवडताना: महिन्याला तुमच्या वाट्याला किती तास येणार?

भारतात विमान कंपनीत वैमानिक व्हायचे तर कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, लागते. त्याची मुख्य अट एका ओळीत मावते: किमान २०० तास उड्डाण. हे तास डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या शाळेत पूर्ण करायचे असतात. शाळांच्या माहितीपत्रकांत यासाठी १२ ते १८ महिने लिहिलेले असतात. प्रत्यक्षात अनेकांची दोन-अडीच वर्षे जातात, काहींची त्याहूनही जास्त. मुलगा हुशार नव्हता किंवा मुलगी घाबरत होती, असे त्यामागे क्वचितच असते. बहुतेक वेळा शाळेकडे विद्यार्थी भरपूर असतात आणि उडणारी विमाने कमी.

म्हणून फी, हॉस्टेल, गणवेश, भिंतीवरचे फोटो यांच्या आधी एकच गोष्ट शोधून काढा: या शाळेत महिन्याला तुमच्या वाट्याला किती तास येतील? बाकीचे बरेचसे प्रश्न याच आकड्यापाशी येऊन मिळतात.

शाळेच्याही आधी मेडिकल

पैसे भरण्याआधी डीजीसीएचे क्लास टू आणि त्यानंतर क्लास वन मेडिकल करून घ्या. क्लास टू डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे होते. क्लास वनची पहिली तपासणी हवाई दलाच्या ठरावीक केंद्रांत किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या खासगी केंद्रांत होते. चष्मा असला म्हणून लगेच निराश होण्याचे कारण नाही, कारण ठरावीक मर्यादेपर्यंतचा नंबर चालतो. रंगांधळेपणा, काही हृदयविकार, फिट्सचा इतिहास यांमुळे मात्र वाट बंद होऊ शकते. हे दहा लाख भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. काही शाळा 'आधी प्रवेश घ्या, मेडिकल नंतर बघू' म्हणतात. अशा ठिकाणी एक रुपयाही देऊ नका.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे लागते. ज्यांचे हे विषय नव्हते त्यांनी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, ते देण्याची वाट आजवर वापरली आहे. ही अट शिथिल करण्याचा विचार २०२५ मध्ये चर्चेत आला होता, त्यामुळे अर्ज करताना त्या दिवशीचा नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावरच वाचा. स्टुडंट पायलट लायसन्स वयाच्या १६व्या वर्षी मिळू शकते, सीपीएलसाठी मात्र १८ पूर्ण हवीत.

लेखी पेपरांचेही तसेच. एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, टेक्निकल जनरल आणि तुम्ही जे विमान उडवणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक, प्रत्येकात ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा आरटीआर परवाना वेगळा. तो पूर्वी दूरसंचार खाते देत असे. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाल्यावर हे काम डीजीसीएकडे आले. शक्य असेल तर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्स हे तीन पेपर शाळेत पाऊल ठेवण्याआधी सोडवा. पुस्तक आणि विमान दोन्ही एकदम सुरू केले की हॉस्टेलमध्ये बसून पेपरांचा अभ्यास करायचा महिनाही तुम्ही शाळेला भाडे देतच काढता.

२०० तासांत काय काय भरायचे असते

२०० हा आकडा वरवर सोपा दिसतो, पण त्याच्या पोटात बरेच कप्पे आहेत. त्यातले किमान १०० तास 'पायलट इन कमांड' म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्यावर असताना झालेले हवेत. २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लांबचे उड्डाण, आणि त्यात एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचे, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. किमान ५ तास रात्रीचे, १० रात्रीचे टेक-ऑफ आणि १० लँडिंगसह. नुसत्या उपकरणांवर लक्ष ठेवून उडण्याचे १० तास सीपीएलला पुरतात, पण विमान कंपन्यांना इन्स्ट्रुमेंट रेटिंगही लागते, आणि त्यासाठी असे ४० तास हवेत. त्यातले २० पर्यंत मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. बहुतेक शाळा या सगळ्याची मांडणी १८५ तास एक इंजिनाच्या विमानावर आणि १५ तास दोन इंजिनांच्या विमानावर अशी करतात.

आता यातून शाळेला विचारायचे प्रश्न आपोआप निघतात. दोन इंजिनांचे विमान तुमचे स्वतःचे आहे की दुसऱ्या शाळेकडून आणता? ते आज उडते आहे का? धावपट्टीवर रात्रीचे दिवे आहेत का, की रात्रीच्या उड्डाणांसाठी विद्यार्थ्यांना दुसऱ्या गावी न्यावे लागते? सिम्युलेटरची डीजीसीए मान्यता कोणत्या तारखेपर्यंत आहे? मान्यता संपलेल्या सिम्युलेटरवर तुम्ही कितीही तास बसा, लॉगबुकात, म्हणजे तुमच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, ते मोजले जात नाहीत. दोन इंजिनांच्या विमानाचे दुखणे तर सगळ्यांत चिवट. शाळेत ते एकच असते, सुटे भाग बाहेरून येतात, आणि ते बंद पडले की १८५ तास पूर्ण झालेली मुले शेवटच्या १५ तासांसाठी महिनोन्महिने रांगेत उभी राहतात.

गणित मांडून बघा

समजा, एका शाळेच्या माहितीपत्रकात '१० विमानांचा ताफा' असे लिहिले आहे. यातली सगळी कधीच उडत नाहीत. एखादे १०० तासांच्या तपासणीत असते, एखादे प्रोपेलरची वाट बघत असते, एखाद्याचा विमा किंवा कागदपत्र अडकलेले असते. ७ उडतात असे धरू. प्रत्येकाने दिवसाला ४ तास उड्डाण केले तर २८ तास होतात. पाऊस, धुके, जोराचा वारा, सुट्ट्या वजा जाता महिन्याला २० चांगले दिवस मिळाले, तर शाळा महिन्याला ५६० तास उडते.

आता भागाकार करा. उड्डाण सुरू असलेले विद्यार्थी ४० असतील तर प्रत्येकाला १४ तास, आणि २०० तासांना सव्वा वर्षाच्या आत. विद्यार्थी ६० असतील तर ९ तासांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ २२ महिने. आणि विद्यार्थी १०० असतील तर साडेपाच तास, म्हणजे तीन वर्षे. विमाने तीच, इन्स्ट्रक्टर तेच, फीसुद्धा तीच.

म्हणून शाळेत गेल्यावर ताफा किती आहे हे विचारू नका. गेल्या महिन्यात एकूण किती तास उड्डाण झाले आणि सध्या फ्लाइंग लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणाच्या रांगेत, किती विद्यार्थी आहेत, हे विचारा. हे दोन्ही आकडे प्रत्येक शाळेकडे रोजच्या रोज लिहिलेले असतात. सांगायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. ग्राउंड क्लासला, म्हणजे वर्गातल्या शिकवणीला, किती बसले आहेत हेही आवर्जून विचारा, कारण ग्राउंड क्लासला बसलेली मुले वेगळी मोजून आकडा छोटा दाखवता येतो, आणि तीच मुले चार महिन्यांनी तुमच्या पुढे किंवा मागे रांगेत येणार असतात.

महिन्याला तास कमी मिळाले की नुसता उशीर होत नाही, शिकणेही बिघडते. लँडिंगचा हात सुरुवातीला सलग सरावानेच बसतो. आठवड्यातून चार सॉर्टी, म्हणजे उड्डाणफेऱ्या, मिळाल्या तर बऱ्याच जणांचा पहिला सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, १५ ते २५ तासांच्या दरम्यान होतो. दहा दिवसांतून एक सॉर्टी मिळाली तर प्रत्येक वेळी पहिली वीस मिनिटे मागचे आठवण्यात जातात, इन्स्ट्रक्टर बदललेला असतो, आणि मोठ्या खंडानंतर एकट्याने सोडण्याआधी पुन्हा ड्युअल चेक, म्हणजे इन्स्ट्रक्टर शेजारी बसून घेतलेली चाचणी, घ्यावा लागतो. तो तासही तुमच्याच खिशातून जातो.

विमाने: संख्या नव्हे, अवस्था

भारतीय शाळांत बहुतेक ठिकाणी सेसना १५२, सेसना १७२, पायपर आर्चर, डायमंड डीए ४० किंवा टेकनम ही एक इंजिनाची विमाने दिसतात. दोन इंजिनांत डायमंड डीए ४२, पायपर सेनेका आणि टेकनम पी २००६. यापैकी कोणत्याही विमानावर माणूस चांगला वैमानिक होऊ शकतो. विमानात जुन्या घड्याळासारख्या तबकड्या आहेत की नवे डिजिटल पडदे, यावर शाळा निवडू नका. दोन-तीन व्यावहारिक गोष्टी मात्र बघाव्यात.

एक म्हणजे इंधन. सेसना १७२ आणि आर्चरसारखी विमाने ॲव्हगॅसवर चालतात. हे इंधन भारतात आयातच होत असे. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीत त्याचे उत्पादन सुरू केले. डीए ४२ आणि नवी डीए ४० प्रवासी विमानांच्याच इंधनावर, एटीएफवर, चालतात. शाळेची साठवण स्वतःची आहे का आणि गेल्या वर्षभरात इंधनाअभावी किती दिवस उड्डाण थांबले, हे विद्यार्थ्यांना विचारा.

दुसरे म्हणजे देखभाल. साधारणपणे दर ५० तासांनी छोटी आणि दर १०० तासांनी मोठी तपासणी होते. दिवसाला ४ तास उडणारे विमान २५ उड्डाणदिवसांत १०० तासांच्या तपासणीला येते, म्हणजे जवळजवळ दर महिन्याला. ही तपासणी एका शाळेत तीन दिवसांत होते आणि दुसरीत बारा दिवस चालते. फरक पडतो तो शाळेकडे स्वतःचे परवानाधारक इंजिनिअर किती आहेत आणि टायर, बॅटरी, मॅग्नेटो, स्पार्क प्लग असे नेहमीचे सुटे भाग कपाटात आहेत की नाहीत, यावर. हँगरमध्ये पॅनेल उघडे टाकून, धूळ खात उभे असलेले विमान दिसले तर ते कधीपासून तसे आहे हे विचारा. अशा दोन-तीन विमानांचे सुटे भाग काढून बाकीची उडवली जात असतील, तर ताफ्याचा आकडा कागदावरचाच समजा.

तिसरे म्हणजे तुमचे स्वतःचे वजन. सेसना १५२ हे दोन आसनांचे, ११० अश्वशक्तीचे विमान आहे. त्याचे कमाल टेक-ऑफ वजन ७५७ किलो. रिकाम्या विमानाचे आणि भरलेल्या टाकीचे वजन वजा केल्यावर दोन माणसांसाठी साधारण १७० किलो उरतात. विद्यार्थी ९२ किलोचा आणि इन्स्ट्रक्टर ८५ किलोचा असेल तर टाकी पूर्ण भरताच येत नाही, आणि मग लांबच्या क्रॉस कंट्रीचा हिशेब बिघडतो. उंच आणि दणकट मुलांनी चार आसनी विमाने असलेली शाळा बघावी.

इन्स्ट्रक्टर

शाळेत सर्वांत वर चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, त्याखाली उपप्रमुख, मग फ्लाइट इन्स्ट्रक्टर आणि असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर अशी रचना असते. असिस्टंट स्वतः नुकतेच परवाना मिळालेले तरुण असतात. ते वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकवतात, आणि त्यांतले पुष्कळ जण विमान कंपनीचे बोलावणे येताच निघून जातात. यात गैर काही नाही, पण एका फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली दहा-दहा असिस्टंट असतील तर सोलोची परवानगी आणि चेक घेणारी माणसे कमी पडतात. मग तुम्ही तयार असता, विमान तयार असते आणि चेक घ्यायला कोणी नसते. चीफ इन्स्ट्रक्टर गेल्या दोन वर्षांत किती वेळा बदलले, हे विचारायला विसरू नका. शाळेच्या आतल्या परिस्थितीची याहून चांगली खूण सापडत नाही.

चांगला इन्स्ट्रक्टर ओळखायचा तर उड्डाणानंतरचे वर्तन बघा. उतरल्यावर वहीत दोन ओळी लिहून, पाच-दहा मिनिटे बसून काय चुकले आणि पुढच्या वेळी काय करायचे ते सांगतो का? की पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारून निघून जातो? विमानात ओरडणारे, हातातून कंट्रोल हिसकावून घेणारे लोक अजूनही आहेत. धाक दाखवून लँडिंग शिकवता येत नाही. घाबरलेला विद्यार्थी चूक लपवायला शिकतो, आणि वैमानिकाच्या अंगी याहून घातक सवय नाही.

जागा, हवा आणि धावपट्टी

मुंबईत जुहूला १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. जे. आर. डी. टाटा तिथेच उड्डाण शिकले. आज त्या क्लबचे प्रशिक्षण धुळ्याला चालते, कारण मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात विद्यार्थ्याला सर्किट, म्हणजे सरावासाठी धावपट्टीभोवती फेऱ्या, मारायला जागाच उरलेली नाही. महाराष्ट्रात सध्या बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाजवळचे बिरशी आणि नागपूर ही नावे या संदर्भात येतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने २०२४ मध्ये मोठी शाळा जाहीर केली. महाराष्ट्राबाहेर उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी, म्हणजे इग्रुआ, हे सरकारी नाव सगळ्यांना माहीत असते. तिथे प्रवेश परीक्षेतून होतो.

विद्यार्थ्याला उडायला दृश्यमानता साधारण ५ किलोमीटर आणि ढगांपासून ठरावीक अंतर लागते. त्यामुळे जागेची निवड ही हवामानाची निवड असते. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे सकाळ हातची जाते. बारामती पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे पावसाळ्यातही सरी कमी असतात, पण जून ते ऑगस्टमध्ये खालचे ढग आणि पश्चिमेचा जोराचा वारा पुष्कळ सॉर्टी रद्द करवतो. पहिल्या सोलोच्या टप्प्यावरच्या मुलांना त्याचा सर्वांत जास्त फटका बसतो, कारण आडव्या वाऱ्याची मर्यादा त्यांच्यासाठी कमी ठेवलेली असते.

विदर्भात मे महिन्याचा प्रश्न वेगळा. हजार फूट उंचीवरच्या धावपट्टीवर प्रमाण तापमान १३ अंश धरतात. दुपारी तिथे ४३ अंश असले की ३० अंशांचा फरक पडतो. दर अंशामागे साधारण १२० फूट या हिशेबाने विमानाला ती हवा ४,६०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. इंजिनाची ताकद घटते, धावपट्टी जास्त लागते, वर चढणे मंदावते, आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत विमान हलवून सोडतात. म्हणून उन्हाळ्यात चांगली शाळा सूर्योदयालाच पहिले विमान सोडते आणि अकराच्या सुमारास नवशिक्यांचे उड्डाण थांबवते. शाळा पहाटे किती वाजता जागी होते, यावरून तिची शिस्त कळते.

एकाच धावपट्टीवर दोन शाळा असतील तर सर्किटमध्ये गर्दी होते आणि तासातले काही मिनिट थांबण्यात जातात. नियमित प्रवासी वाहतुकीच्या विमानतळावरही तसेच होते. पण तिथे खऱ्या एअर ट्रॅफिक कंट्रोलशी बोलायचा सराव मिळतो, जो शांत, नियंत्रक नसलेल्या धावपट्टीवर मिळत नाही. मिनिटे थोडी गेली तरी नियंत्रक असलेला विमानतळ सरस, विशेषतः ज्याला इंग्रजीत पटकन बोलायची सवय नाही त्याच्यासाठी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी याची धास्ती घेऊ नये. रेडिओवरची भाषा ठरावीक वाक्यांची असते आणि रोजच्या ऐकण्याने ती दोन-तीन महिन्यांत तोंडात बसते.

सहा महिन्यांचा सापळा

उशिराचा सर्वांत महाग परिणाम इथे दिसतो. लायसन्ससाठी अर्ज करताना काही गोष्टी आधीच्या सहा महिन्यांत झालेल्या असाव्या लागतात. कमांडचे १५ तास, रात्रीचे टेक-ऑफ आणि लँडिंग, दिवसा-रात्रीच्या स्किल टेस्ट. समजा, तुमचे १८० तास झाले, चेक झाले, आणि दोन इंजिनांचे विमान सात महिने बंद राहिले. मग आधीचे चेक जुने होतात आणि ते पुन्हा, पैसे भरून, द्यावे लागतात. क्लास वन मेडिकलही तरुणांना वर्षभरच चालते. म्हणून चेक कोणत्या क्रमाने घेणार याचे वेळापत्रक शाळेकडून मागा. समजूतदार चीफ इन्स्ट्रक्टर सगळे चेक शेवटच्या दोन-तीन महिन्यांत गोळा करतो.

प्रत्यक्ष भेट

फोनवर किंवा शहरातल्या समुपदेशकाच्या ऑफिसात निर्णय घेऊ नका. तिथल्या माणसाला बहुतेक वेळा प्रवेशामागे कमिशन मिळते. धावपट्टीवर जा, शनिवार-रविवार सोडून, सकाळी साडेसहाला, आणि दुपारपर्यंत थांबा. किती विमाने सुटली, मोजा. फळ्यावरचा दिवसाचा कार्यक्रम वाचा, आणि संध्याकाळी त्यातले किती झाले ते एखाद्या विद्यार्थ्याला विचारा.

बोलायचे ते ६० ते १२० तासांच्या टप्प्यावरच्या मुलांशी. नवे उत्साहात असतात, आणि उत्तीर्ण झालेल्यांना शाळा स्वतःच पुढे करते. मधल्यांना विचारा: प्रवेश कधी घेतलास, पहिली सॉर्टी कधी झाली, आज किती तास झालेत? तीन-चार जणांच्या उत्तरांतून महिन्याचा खरा आकडा तुमच्यासमोर उभा राहील. लॉगबुक दाखवायला कोणी तयार असेल तर एकदा तारखांवर नजर फिरवा, मोकळे पडलेले महिने लगेच दिसतात.

सुरक्षिततेबद्दल थेट विचारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळल्यावर डीजीसीएने संबंधित शाळेचे प्रशिक्षण काही काळ थांबवले होते. अशा वेळी जिवाच्या धोक्याबरोबर तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे घड्याळही थांबते. अपघात झाला म्हणजे शाळा वाईट, असा सरसकट निष्कर्ष काढू नका. त्यानंतर काय बदलले ते विचारा. विद्यार्थ्याने 'विमानात काहीतरी ठीक वाटत नाही' म्हणून सॉर्टी नाकारली तर त्याला शाबासकी मिळते की त्याचे नाव पुढच्या आठवड्याच्या यादीतून गळते, हे त्याच मधल्या मुलांना ठाऊक असते.

ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए शाळांची क्रमवारी वर्षातून दोनदा काढू लागली आहे. ए++, ए+, ए, बी, सी अशा श्रेणी आहेत, आणि विमान-विद्यार्थी प्रमाण, इन्स्ट्रक्टरांची संख्या, २०० तासांना लागणारा वेळ, सुरक्षा या गोष्टी त्यात तपासल्या जातात. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती. ही यादी पहिली चाळणी म्हणून जरूर वापरा, आणि शाळेच्या मान्यतेची मुदतही डीजीसीएच्या संकेतस्थळावर बघा.

पैसे

सध्या भारतात सीपीएलचा खर्च ढोबळमानाने ४५ ते ६५ लाखांत जातो. एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता, वेगळे, साधारण १० ते २० लाख. शाळेच्या आकड्यात काय नाही ते लिहून घ्या: परीक्षकाचे शुल्क, चेकचे तास, लँडिंग शुल्क, जेवण, हॉस्टेल, डीजीसीएच्या फी, इंधन महागल्यास होणारी वाढ, २०० पेक्षा जास्त तास लागले तर ताशी दर.

सगळी फी एकदम भरल्यास मोठी सूट, अशी लालूच असते. ती नाकारा. पाच-सहा हप्ते पाडून घ्या आणि हप्ते तारखेला नव्हे, उडालेल्या तासांना बांधा: ४० तास झाले की दुसरा, ८० झाले की तिसरा. शाळा सोडल्यास न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, हे करारात नसेल तर सही करू नका.

कर्ज घेणार असाल तर एक हिशेब करा. ४० लाखांवर १० टक्के व्याज म्हणजे महिन्याला ३३ हजारांहून जास्त. बँक हप्त्यांची सवलत अभ्यासक्रमाच्या कागदोपत्री मुदतीवर मोजते. कागदावर १८ महिने आणि प्रत्यक्षात ३० लागले, तर लायसन्स हातात येण्याआधीच हप्ते सुरू होऊ शकतात. आईवडिलांची शेती किंवा घर तारण असते तेव्हा हे बारा महिने फार मोठे असतात. म्हणून पाच लाखांनी स्वस्त पण वर्षभर संथ शाळा बहुतेक वेळा महागच पडते. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांनी नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेकडे चौकशी करावी. तिने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना चालवली आहे.

विमान कंपन्यांच्या कॅडेट योजना कोटीच्या घरात जातात. त्यांचा फायदा म्हणजे ठरलेली शाळा आणि पुढच्या नोकरीची सशर्त ऑफर. 'सशर्त' या शब्दाखाली काय लिहिले आहे ते वकिलाकडून वाचून घ्या. कंपनीला भरती थांबवण्याची मोकळीक जवळपास नेहमीच ठेवलेली असते.

परदेश

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे हवा आणि विमाने मुबलक असल्याने तास लवकर होतात, कधी कधी ८ ते १० महिन्यांत. मात्र परत आल्यावर परवान्याचे भारतीय रूपांतर करावे लागते: डीजीसीएचे पेपर, आरटीआर, मेडिकल, आणि इथल्या विमानावर काही उड्डाणे व चेक. त्यासाठी पुन्हा इथल्याच एखाद्या शाळेच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि त्याचे महिने व पैसे हिशेबात धरायलाच हवेत. अमेरिकेत खासगी परवाना मिळाल्यावर इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाचा वेळही विद्यार्थ्याला कमांड म्हणून लिहिता येतो. भारतीय हिशेबात तो ड्युअल. त्यामुळे तिथे १०० दिसणारे कमांडचे तास इथे कमी भरू शकतात आणि उरलेले पुन्हा उडावे लागतात. जाण्याआधी डीजीसीएची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक कप्पा तिथेच भरून घ्या, ३०० नॉटिकल मैलांच्या उड्डाणासह.

प्रवेशानंतर, आणि शाळा बदलायची वेळ आली तर

लॉगबुक रोज लिहा आणि दर आठवड्याला इन्स्ट्रक्टरची सही घ्या. सहा महिन्यांनी सह्या गोळा करायला गेलात तर निम्मे इन्स्ट्रक्टर शाळा सोडून गेलेले असतात. न उडालेले तास कागदावर चढवण्याची सोय कोणी सुचवली तर साफ नकार द्या. अशा तासांना या क्षेत्रात पार्कर पेनचे तास म्हणतात. २०११ मध्ये बनावट कागदपत्रे आणि खोटे तास यांची प्रकरणे उघड झाली तेव्हा वैमानिकांना अटक झाली आणि परवाने गेले. विमानाच्या टेक लॉगशी, म्हणजे विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीशी, लॉगबुक पडताळले की खोटे लगेच सापडते.

तीन महिने सलग पाच तासांपेक्षा कमी मिळाले आणि त्याचे कारण हवामान नसेल, तर लेखी पत्र द्या, तारखेसह. त्यानंतरही फरक पडला नाही तर शाळा बदलता येते. मान्यताप्राप्त शाळेतले तास दुसऱ्या शाळेत धरले जातात. निघण्याआधी चीफ इन्स्ट्रक्टरची लॉगबुकावर सही, प्रगतीची पूर्ण फाइल, सिम्युलेटरच्या तासांचा वेगळा दाखला आणि ना हरकत पत्र घ्या. उरलेले पैसे मिळण्याआधी 'सर्व हिशेब पूर्ण' अशा कागदावर सही करू नका. नवी शाळा काही ड्युअल तास मागेल, ते धरून चला. आणि बदलायचेच असेल तर १०० तासांच्या आत बदला. १५० नंतर गेलात तर नव्या ठिकाणी विमानाचा प्रकार वेगळा निघाल्यास टेक्निकल स्पेसिफिकचा पेपर आणि त्या विमानावरचे चेक पुन्हा मागे लागतात, आणि वाचवायला निघालेले महिने तिथेच खर्च होतात.